चार्जरचा प्लग बदलताना : अधिक कोणती, उणे कोणती?

या पत्रिकेत आम्ही एरवी बेणे, खोडवा, पाचट, ठिबक अशा विषयांवर लिहीत असतो. या खेपेस घेतलेला विषय आपणास किरकोळ वाटण्याचा संभव आहे. ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डात खुपसायचा मोबाइल चार्जरचा प्लग, एवढाच तो विषय! परंतु या अंगठ्याएवढ्या वस्तूपायी गेल्या गळीत हंगामात आमच्याच एका सभासदाचा दोन ट्रॉल्या ऊस तुटून दीड दिवस फडात वाळत पडला. तेव्हा प्रकार काय झाला, हे अगोदर सांगतो.

या सभासदाचा ट्रॅक्टर त्यांचा धाकटा मुलगा चालवतो. ट्रॅक्टरवर दोन मोबाइल लावता येतील अशी एक डबी डॅशबोर्डाला स्क्रूने बसवलेली होती, आणि तिची दीड-दोन हात वायर प्लगापर्यंत आलेली. चढता-उतरता गुडघा लागून प्लग मोडला. डबी चांगली होती, म्हणून मुलाने बाजारातून नुसता रिकामा प्लग आणला, जुना प्लग वायरीच्या अगदी बुडाशी कापला आणि पाचटात भिरकावून दिला. वायरीची दोन टोके मोकळी झाली. दोन्ही काळी, फक्त एकीवर अंगभर बारीक पांढरी रेघ. मुलाने विचार केला की रेघवाली वायर म्हणजे 'मेलेली' असणार, घरात न्यूट्रल असते तशी. ती त्याने नव्या प्लगाच्या बाजूच्या पत्तीला जोडली, दुसरी मधल्या टोकाला. प्लग खुपसला. फट् असा बारीक आवाज आला, जळका वास सुटला आणि डबी गेली. मोबाइलमध्ये चार्जिंग उरले नव्हतेच, तो तासाभरात बंद पडला.

इकडे टोळीने नदीकाठचा फड सोडून वरच्या अंगाचा तुकडा तोडायला घेतला होता. मुकादम फोन लावून लावून थकला. ट्रॅक्टर रिकाम्या ट्रॉल्या घेऊन नदीकाठी उभा आणि तोडलेला ऊस वरच्या रानात पडून. तोडलेला ऊस जितका उशिरा गाळला जातो तितके त्याचे वजन घटते, उताराही घसरतो, हे आम्ही आपणास नव्याने सांगायला नको. वजनातली घट थेट बिलात उतरते.

चार दिवसांनी वडील ती डबी रुमालात बांधून आमच्याकडे घेऊन आले. म्हणाले, "साहेब, दोनच वायरी हैत. तीन असत्या तर पोरगं चुकलं म्हणलं असतं. दोनात काय चुकायचं?"

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. घरच्या दिव्याच्या दोन वायरी उलट-सुलट जोडल्या तरी दिवा लागतो, कारण घरातला प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने घेत दिशा अदलाबदल करणारा असतो. गाडीच्या बॅटरीचा प्रवाह मात्र एकाच दिशेने वाहतो. पाण्याच्या पंपाला सक्शन आणि डिलिव्हरी असते ना, तसाच हा प्रकार. पाइप अदलाबदल करून जोडले तर पाणी चढत नाही. म्हणून दोनच वायरी असल्या तरी चुकण्याची शक्यता निम्मी असते, आणि निम्मी शक्यता काही थोडी नव्हे.

आता त्या सॉकेटाकडे पाहू. सुमारे २१ मिलिमीटर तोंडाची ही नळी मुळात चार्जरसाठी केलेलीच नव्हे. ती सिगारेट पेटवण्याच्या लायटरची. लायटरमध्ये तापणारी तार असते, आणि तारेला प्रवाह कुठून आला याचे सोयरसुतक नसते, ती दोन्ही बाजूंनी सारखीच लाल होते. पुढे त्याच नळीत लोक दिवे, पंखे, चार्जर खुपसू लागले आणि अधिक-उणे पाहण्याची पाळी आली. सध्याच्या गाड्यांत नळीच्या तळाशी मध्यभागी जे टोक असते ते अधिक, म्हणजे पॉझिटिव्ह, आणि नळीची भिंत उणे, म्हणजे निगेटिव्ह. त्याप्रमाणे प्लगाचे पुढचे टोक अधिक आणि दोन्ही अंगांच्या स्प्रिंगच्या पत्त्या उणे. हे कायम ध्यानात ठेवायचे. गाडीची लोखंडी बॉडी बॅटरीच्या उणे टोकाला जोडलेली असल्यामुळे भिंत उणे ठेवणे सोयीचे पडते.

याला एक अपवाद आहे. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या बऱ्याच गाड्यांत, तसेच फर्ग्युसन टीई-२० सारख्या जुन्या ट्रॅक्टरांत, बॅटरीचे अधिक टोक बॉडीला जोडलेले असे. असे जुने यंत्र कोणी हौसेने सांभाळले असेल तर त्यात सॉकेट बसवण्यापूर्वी बॅटरीची कोणती केबल चासीला गेली आहे हे डोळ्यांनी पाहावे.

उलट जोडणी झाली तर नेमके काय होते? ते डबी कोणी कशी बनवली यावर अवलंबून. काही डब्यांत आत एक डायोड असतो. डायोड म्हणजे विजेचा फूट-व्हॉल्व्हच. उलट प्रवाह तो आत येऊ देत नाही. अशी डबी नुसती मुकाट बसते, वायरी सुलट केल्या की चालू लागते. काहींत डायोड असा आडवा टाकलेला असतो की उलट जोडताच तो सगळा प्रवाह आपल्या अंगावर घेतो आणि प्लगातला फ्यूज उडतो. फ्यूज आठ-दहा रुपयांचा, डबी वाचते. मात्र फ्यूजच्या जागी कोणी चांदीचा कागद गुंडाळून ठेवला असेल तर मग डायोडही गेला आणि डबीही गेली, प्रसंगी वायरही पेटते. तिसऱ्या जातीच्या डब्यांत यांपैकी काहीच नसते. त्यांतला कपॅसिटर उलट दाब सहन न होऊन फुगतो नाही तर फुटतो, आणि त्याच्या जोडीला आतली चिपही जाते. आमच्या सभासदाची डबी या तिसऱ्या जातीची निघाली.

आम्ही ती डबी कारखान्याच्या इलेक्ट्रिक विभागात नेऊन उघडली. फुटलेल्या कपॅसिटरच्या अंगावर उणे खुणेची पट्टी अजून शाबूत होती. त्या पट्टीकडच्या पायापासून पत्रीवरची रेघ धरत मागे गेलो, तर ती बिनरेघेच्या काळ्या वायरीला मिळाली. म्हणजे पांढऱ्या रेघेची वायर अधिकची होती. मुलाचा अंदाज बरोबर उलटा. वडील तेथेच म्हणाले, "म्हंजी पांढरी रेघ म्हंजी अधिक, असं ध्यानात ठिवायचं." आम्हीही क्षणभर मान डोलावली. परंतु विभागातल्या फोरमनने खणातून आणखी तीन जुने चार्जर काढून टेबलावर ठेवले. दोहोंत पांढरी रेघ अधिकला निघाली, तिसऱ्यात उणेला! एका चौथ्या, टॉर्चच्या वायरीत तर रेघच नव्हती, एका वायरीवर बारीक उंचवटा होता आणि दुसरीवर अक्षरे छापलेली. लाल-काळी जोडी असेल तर लाल अधिक, काळी उणे, असा सर्वसाधारण रिवाज आहे खरा, आणि चांगला बनवणारा तो पाळतो. पण रेघ, उंचवटा, छापील अक्षरे यांना असा सर्वांना बांधून ठेवणारा नियम नाही. ज्याच्या कारखान्यात जी वायर हाताशी आली ती त्याने लावली. त्यामुळे रंगावरून अंदाज बांधावा, जोड मात्र तपासून करावा.

तपासण्याची सगळ्यांत सोपी जागा म्हणजे मोडलेला प्लगच. तो फेकू नका. वायर कापताना प्लगाला चार बोटे शेपटी ठेवून कापा. त्या शेपटीत दोन्ही वायरी, रेघ आणि सगळे तसेच राहते. आता साधा डिजिटल मीटर घ्या. दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि मोटरीच्या स्टार्टरपासून बॅटरीपर्यंत सगळीकडे उपयोगी पडतो. मीटर आवाज देणाऱ्या खुणेवर ठेवा. एक काडी प्लगाच्या बाजूच्या पत्तीला लावा, दुसरी शेपटीतल्या एकेका तांब्याला. ज्या वायरीला मीटर शीळ घालील ती उणे. राहिली ती अधिक.

येथे आम्ही पुढच्या टोकापासून सुरुवात न करता बाजूच्या पत्तीपासून केली, याला कारण आहे. पुढच्या टोकाच्या आत फ्यूज असतो. तो उडालेला असेल तर टोकाला काडी लावून दोन्ही वायरींना मीटर गप्पच राहतो, आणि माणूस उगाच गोंधळतो. पत्तीच्या वाटेत सहसा काही आडवे नसते. टोकाची पितळी कडी फिरवली की काचेचा फ्यूज बाहेर येतो. तो त्याच वेळी पाहून घ्यावा आणि त्यावरचा अँपिअरचा आकडा लिहून ठेवावा. नव्या प्लगात तेवढ्याच आकड्याचा टाकायचा आहे.

जुना प्लग पाचटात गेलाच असेल तर डबीकडून तपास करावा लागतो. बहुतेक साध्या चार्जरांत बॅटरीकडची उणे वायर आणि मोबाइलकडच्या खाचेचे लोखंडी कवच आत एकच असतात. मीटर शिळेवर ठेवून एक काडी त्या कवचाला आणि दुसरी मोकळ्या टोकांना लावली तर जी वायर स्पष्ट बोलते ती उणे. एखादी डबी दोन्ही वायरींना गप्प राहते. तिथे डबी उघडून कपॅसिटरवरची उणेची पट्टी शोधावी. तुमच्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला डबीऐवजी नुसती गोल पिन असेल, तर पिनेच्या आतल्या भोकापासून आणि बाहेरच्या कडेपासून वायरी तपासाव्यात. अशा यंत्रावर एक छोटे चित्र छापलेले आढळते, मध्ये ठिपका, भोवती अर्धे कडे, आणि दोन्ही बाजूंना अधिक व उणे. ठिपका ज्या खुणेला जोडलेला असेल ती पिनेच्या आतली बाजू. परंतु हे चित्र पिनेचे आहे, प्लगाचे नव्हे, हे विसरू नये.

आणि आता दुसरा प्रकार सांगतो, जो आम्हांलाही नवा होता. वरची हकीगत गावात पसरल्यावर दुसरे एक सभासद आले. त्यांची तक्रार निराळीच. त्यांच्या ट्रॅक्टरवर एक जुना चार्जर चार वर्षे बिनबोभाट चालत होता. जावयांनी दिवाळीला नवा, चांगला चार्जर आणून दिला. तो लावताच जळाला. बदलून आणला, तोही जळाला. जुना परत लावला तर तो आपला चालू! सभासदांनी निष्कर्ष काढला की नवा माल खोटा. आम्ही मीटर घेऊन ट्रॅक्टरजवळ गेलो. मीटर वीस व्होल्टच्या डीसी खुणेवर ठेवला, तांबडी काडी सॉकेटाच्या तळाला आणि काळी भिंतीला. आकडा आला १२.५, पण पुढे उणेची खूण! म्हणजे सॉकेटच उलटे जोडलेले होते. या ट्रॅक्टरला मुळात सॉकेट नव्हते. कोणीतरी ते प्लॅस्टिकच्या डब्यात बसवून बॅटरीवरून दोन वायरी ओढल्या होत्या. लोखंडी डॅशबोर्डात बसवले असते तर भिंत बॉडीला टेकून तत्काळ शॉर्ट झाला असता आणि चूक त्याच दिवशी कळली असती. प्लॅस्टिकमध्ये ती लपून राहिली.

मग जुना चार्जर कसा चालत होता? त्याचा प्लग उघडला, तर तोही कोणीतरी बदललेला आणि उलटा जोडलेला. सॉकेट उलटे, प्लग उलटा, मिळून सुलटे! चार वर्षे दोन चुका एकमेकींना सांभाळून होत्या आणि बिचारा नवा चार्जर बळी गेला. सॉकेट सुलटे करून दिले. जुन्या चार्जरचा प्लगही त्याच बैठकीत सुलटा केला. तो तसाच सोडला असता तर संध्याकाळी तिसरा बळी गेला असता.

यावरून आम्ही आमच्या पद्धतीत एक बदल केला. प्लगाला हात लावण्याआधी सॉकेट मोजायचे. इंजिन बंद असता चांगल्या बॅटरीवर साडेबाराच्या आसपास आकडा दिसतो, इंजिन चालू असता चौदाच्या आसपास. उणेची खूण नसली की सॉकेट ठीक. आकडा चोवीसच्या पुढे दिसला तर ती मोठ्या ट्रकची यंत्रणा. तेथे डबीवर १२ ते २४ व्होल्ट असे छापलेले असेल तरच ती लावावी.

मीटर नाही आणि रात्रीची वेळ आहे, असेही होते. अशा वेळी पुष्कळ लोक घरचा टेस्टर काढतात. तो येथे उपयोगाचा नाही. त्याच्यातला निऑन दिवा पेटायला साठ-सत्तर व्होल्ट तरी लागतात, बारा व्होल्टवर तो आंधळाच. साधा बल्ब लावला तर वीज आहे एवढे कळते, अधिक-उणे कळत नाही.

बॅटरीकडून आलेल्या दोन वायरींपैकी अधिक कोणती हे बटाट्यावर कळते. बटाटा कापून, दोन्ही तांब्याची टोके एकमेकांपासून बोटभर अंतरावर खोचावीत. थोड्या वेळाने एका तारेभोवती हिरवट-निळसर डाग धरतो. ती अधिक. तांबे त्या बाजूने झिजून बटाट्यात उतरते, म्हणून हा रंग. मात्र बटाटा सॉकेटाची बाजू सांगतो, चार्जरची नाही. ज्यातून वीज येते त्याचीच परीक्षा त्याला जमते. ही गफलत आमच्यादेखत एकाने केली, डबीच्या सुट्या वायरी बटाट्यात खोचून अर्धा तास बसला.

डबीसाठी मीटरवाचून एक युक्ती आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्याचा १२ व्होल्ट, ५ वॉटचा बल्ब घ्यावा आणि तो अधिकच्या वाटेत मध्ये घालावा, म्हणजे प्रवाह बल्बातून होऊनच डबीत शिरेल. पाच भागिले बारा, म्हणजे अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमीच प्रवाह जाईल. मोबाइल न लावता दोन-चार सेकंद जोडून पाहावे. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर जोडणी उलटी किंवा आत शॉर्ट, लगेच काढावी. बल्ब विझलेला राहून डबीवरचा बारीक दिवा लागला तर सुलटी. दोन्ही विझलेले राहिले तर वायरी बदलून पाहावे. डबीला स्वतःचा दिवाच नसेल तर या युक्तीने पुरता उलगडा होत नाही, तेव्हा सकाळपर्यंत थांबून मीटर मिळवावा.

जोडताना हातातली अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतू शकते आणि दोन टोकांत सापडलेली अंगठी तापून मांस भाजते. बॅटरी नुकतीच चार्ज होत असेल तर तिच्यातून हायड्रोजन निघतो, जवळ ठिणगी पाडू नये.

वायर पिळून नुसती टेप गुंडाळलेला जोड ट्रॅक्टरवर टिकत नाही. हादऱ्याने सुटतो, आणि प्लगाच्या पोटात सुटलेली अधिक वायर बाजूच्या पत्तीला टेकली की शॉर्ट. डाग देऊन सोल्डर करावे, प्रत्येक तारेवर वेगळी नळी चढवावी, आणि प्लगाच्या बुडाशी वायरीला गाठ किंवा पकड द्यावी म्हणजे ओढ जोडावर येत नाही. फ्यूजचा हिशेब सोपा. वॉट भागिले व्होल्ट. मोबाइलच्या डबीवर दोन्ही खाचा मिळून २४ वॉट लिहिले असेल तर बारा व्होल्टवर दोन अँपिअर, थोडी वाढ धरून तीनचा फ्यूज पुरतो. तेथे वीसचा टाकला तर फ्यूजच्या आधी वायर जळेल. ज्यांनी बॅटरीवरून थेट सॉकेट ओढले आहे त्यांनी बॅटरीच्या अधिक टोकाशेजारीच एक वेगळा फ्यूज घालावा. नाही तर बॉनेटखाली वायर घासून बॉडीला लागली तर तिला अडवणारे कोणी नाही.

ज्यांना मीटर मिळत नाही त्यांनी डबी व प्लग घेऊन कारखान्याच्या इलेक्ट्रिक विभागात कामाच्या वेळेत यावे, दहा मिनिटांचे काम आहे. येताना मोडलेला जुना प्लग आठवणीने आणावा. पाचटात टाकला असेल तर शोधून आणावा.